कुशाबाची सूज

मंजुळा : आई, बाटली अशी गदागदा हलवू नकोस गं! सरबत नाहीये ते.

राधाबाई : मग पावडर विरघळणार कशी?

मंजुळा : दोन तळहातांत धरून नुसती फिरवायची. हळू. फेस आला की औषध वाया. दे इकडे.

राधाबाई : घे बाय माझे. आणि हे कुणाचं रक्त म्हणालीस?

मंजुळा : रक्त नाही, रक्तातलं प्रथिन. हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातून वेगळं काढतात. माझ्या अंगात ते जन्मापासून कमी, म्हणून सूज येते. आठवड्यातून दोनदा पोटात टोचून घेतलं की सूज यायची थांबते. डॉक्टर तुझ्यासमोरच बोलले ना.

राधाबाई : बोलले. नंतर आणखी एक विचारलं त्यांनी.

मंजुळा : हो, हा आजार रक्ताच्या नात्यातून येतो, घरात आधी कुणाला होता का? आणि तू उठून थेट टॅक्सी बोलवायला गेलीस.

राधाबाई : दाढ काढल्यावर कुणाचं तोंड सुजलं होतं का, घसा बंद होऊन कुणी गेलं का, असं विचारलं गो त्यांनी. तुझा बाप तसाच गेला.

मंजुळा : बाबांना तर दौलतकाकांनी मारलं होतं ना? संपात, चोरून गिरणीत कामाला जात होते म्हणून. अख्खी चाळ सांगते.

राधाबाई : चाळ चाळीस वर्षं सांगते आणि मी चाळीस वर्षं खाली मान घालून ऐकते. म्हणून त्याला बोलावलंय. येईल आता.

मंजुळा : इथे? आज संध्याकाळी मंडळात सत्कार आहे त्यांचा!

राधाबाई : म्हणूनच आज. माईक हातात आला की तो काय सांगतो? 'एका फितुराचं थोबाड मी ह्या हाताने फोडलं.' आज परत सांगायच्या आधी माझ्या घरात येऊन सांगू दे. तुझा बाप संप मोडायला गेला होता की नव्हता, एवढंच मला मरायच्या आधी कळायला हवं.

मंजुळा : बरं. मी पडद्याआड बसून टोचून घेते. दार लावू? शेजारच्या जाईबाईच्या मघापासून दोन फेऱ्या झाल्या गॅलरीत.

राधाबाई : मारू दे फेऱ्या. दार राहू दे उघडं.

(काळाचौकीच्या चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली. दौलत येतो तो सत्काराच्या थाटातच. कडक इस्त्रीचा सदरा, मिशीला ताजा कलप. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पण चाल अजून मोर्चाच्या पुढे असल्यासारखी. राधाबाई त्याला बस म्हणत नाही. तो आपणहून ऐसपैस बसतो.)

दौलत : काय वैनी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलावणं! म्हटलं, सत्काराची बातमी पोचली वाटतं.

राधाबाई : पोचली. आज भाषणात मंजूच्या बापाचं नाव घेणार?

दौलत : कुशाबाचं? छ्या! नाव आपण कधीच घेत नाही. 'एक फितूर' म्हणतो. माणुसकी आहे आपल्यात.

राधाबाई : नाव काय लोकांना ठाऊक नाही, मेल्या? मला सांग. नेमकं कसं झालं?

दौलत : कशाला आता जुनं उकरतेस? पहाटे पहिल्या पाळीला गिरणीच्या मागल्या गेटावर धरला त्याला. हातात डबा. म्हटलं, इथं पोरंबाळं उपाशी झोपतात आणि तू आत जातोस? दिल्या दोन ठेवून. फुटलं तोंड.

राधाबाई : फुटलं म्हणजे रक्त आलं?

दौलत : भळाभळा!

राधाबाई : कुठून?

दौलत : नाकातून... ओठातून. आता एवढं काय ध्यानात राहतंय, वैनी?

राधाबाई : माझ्या ध्यानात आहे. आंघोळ घालायला चाळीतलं कुणी आलं नाही, मीच घातली. अंगावर वळ नाही, ओरखडा नाही. सदऱ्यावर रक्ताचा ठिपका नाही. नुसतं तोंड टम्म फुगलेलं, पांढरंफटक.

दौलत : मुका मार असतो की. वरून दिसत नाही.

मंजुळा : मुक्या माराने जीभ सुजते, काका?

दौलत : ही घरातच आहे होय? काय करतेस गं पडद्याआड?

मंजुळा : पोटात इंजेक्शन घेतेय. टेबलावर माझा मोबाइल आहे, आई, त्यांना तो फोटो दाखव. शिमग्याचा.

राधाबाई : हा बघ. चष्मा लाव.

दौलत : डोळा मिटलाय... ओठ बघ केवढाले... अगं, हा तर कुशाबाच!

मंजुळा : मी आहे ती, काका. दाढ काढली, दुसऱ्या दिवशी हे असं. ॲलर्जीची सगळी इंजेक्शनं दिली, कशाने उतरेना. घसा बंद होत होता माझा. मला कुणी मारलं होतं सांगा बघू?

राधाबाई : तुझ्या तोंडूनच आलं बघ, कुशाबाच! तिच्या बापाने पण आदल्या दिवशी दाढ काढली होती. मिठाच्या पाण्याच्या चुळा मीच दिल्या. रात्री गॅलरीत झोपला. सकाळी मी नळावरून येते तर हे असं तोंड. काय झालं विचारते, तर जीभ तोंडात मावत नाही, शब्द फुटत नाही. तेवढ्यात खालून बोंब, दौलतने फितुराला धुतला! तो हाताने नाही-नाही करत होता रे. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून करतोय. मी तोंड फिरवलं. दुपारी श्वास अडकला आणि संपलं.

दौलत : योगायोग असेल. पण मी मारला म्हणजे मारला. अर्धी काळाचौकी साक्षीला आहे! आणि तू गं वैनी? तू पण मानलंसच की. भिंतीवर गणपती आहे, कॅलेंडर आहे, बापूस-आईसचा फोटो आहे. नवऱ्याचा कुठाय?

राधाबाई : ट्रंकेत.

दौलत : मग? बोल आता!

राधाबाई : बरं बाबा. तू मारलास. सकाळी मारलास आणि दुपारी माणूस मेला. मंजू, त्याला काय म्हणतात गो?

मंजुळा : खून म्हणतात. त्याला मुदत नसते, काका. सत्कार झाला की तसेच चौकीवर जाऊ या, हारासकट. साक्षीला अर्धी काळाचौकी आहेच.

दौलत : ए, मस्करी नको हां! वैनी, सांग हिला. अगं... हात कुठे लावला होता मी?

राधाबाई : मोठ्याने बोल. ऐकू येत नाही मला.

दौलत : हात लावला नव्हता! गेटावर नव्हतोच मी, घरात झोपलो होतो. सकाळी तुझ्या दारावरून जाताना त्याचं तोंड दिसलं. खाली नळावर पोरं म्हणाली, कुशाबाला कुणी धुतला रे? मी म्हटलं, आपलाच प्रसाद, आत जात होता साला. च्यायला, सहज बोलून गेलो. तर पोरांनी खांद्यावर घेतला मला! तोवर कुत्रं विचारत नव्हतं, वैनी. दुपारी तो गेला. मग मागे फिरणार कसा?

राधाबाई : आत गेला होता का तो?

दौलत : आता ते कोण बघायला...

राधाबाई : गेला होता का?

दौलत : नव्हता. त्याचं नाव कुणीच घेतलं नव्हतं. मीच घेतलं.

राधाबाई : किळस येते रे मला तुझी. मारलं असतंस तर एवढी आली नसती. हातगाडीवरून नेला त्याला, ठाऊक आहे? खांद्याला चार माणसं मिळाली नाहीत. हिच्या पोटात आता ज्यांच्या रक्तातलं औषध गेलं, त्यांनी हिचं तोंड कधी बघितलं नाही. आणि ह्या चाळीतली माणसं, रोज एका नळावर पाणी भरणारी, दारं लावून बसली होती. तुझ्या शब्दावर!

दौलत : चुकलो, वैनी. पाया पडतो. पण आजचा दिवस जाऊ दे. शाल आणून झालीय, नातवंडं पहिल्या रांगेत बसणार. मी असं करतो, ती गोष्ट आज सांगतच नाही. गप्प राहतो. मग झालं?

राधाबाई : तोंड बघ मेल्याचं! मारेकरी म्हणून हार घालून घेताना लाज वाटली नाही, आणि थापाड्या म्हणतील म्हणून वाटते? थू! ऊठ माझ्या घरातून.

दौलत : जातो, जातो. आपलं आपल्यातच राहू दे म्हणजे... वैनी, दार उघडं होतं?

राधाबाई : चाळीत दिवसाढवळ्या दार कोण लावतं? एकदाच लावली होती सगळ्यांनी.

मंजुळा : सांभाळून जा, काका. गॅलरीत गर्दी आहे.

राधाबाई : गेला?

मंजुळा : गेले. कुणी हाक मारली नाही त्यांना. सगळे कठड्याला चिकटून उभे राहिले, अंगाला अंग लागू नये तसे.

राधाबाई : तुझं टोचून झालं? दुखलं काय?

मंजुळा : थोडं चुरचुरतं. तू बस ना जरा.

राधाबाई : बसते मागाहून. ती पलंगाखालची ट्रंक ओढ. तळाशी माझं हिरवं लुगडं आहे, त्यात गुंडाळून ठेवलेत ह्यांना. काढ बाहेर.

मंजुळा : आई... बाबा हसतायत गं ह्यात. किती बारीक तोंड होतं त्यांचं! मी समजत होते, ते तसेच असतील. सुजलेले.

राधाबाई : काच पूस नीट पदराने. आणि हातोडी-खिळा जाईबाईकडे असेल. माग तिच्याकडे, बाहेरच उभी आहे ती.