एक पाना कमी

दातांच्या दवाखान्यात नंबर यायला वेळ होता, म्हणून शाळेतल्या बाईंनी उत्तरपत्रिका तपासायला काढल्या. पण मागच्या बाकावरच्या बहीणभावाचं बोलणं काही त्यांना सोडेना.

“घरी गॅसचं बटण तीनदा बघतोस, तसंच पुराच्या मदतीला गेलास तिथेही केलंस?”

“ताई, हेलिकॉप्टर आहे ते. दुरुस्ती झाली की उडण्याआधी पेटीतली हत्यारं मोजायची. सत्तावीस हवीत, भरली सव्वीस. एक पाना कमी.”

“आणि तिकडे पुरात माणसं छपरांवर बसलेली.”

“म्हणून तर पायलट खेकसला. आम्ही सगळे बिनपगारी, आपणहून आलेले, पण मला शिव्या घालायला कुणी मागे राहिलं नाही. मी म्हटलं, पाना सापडेपर्यंत हे जमीन सोडणार नाही.”

“मग?”

“एकेक झाकण उघडलं. शेपटीच्या पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याला टेकून पडला होता. हवेत दांडा अडकला असता, तर संपलंच होतं.”

“अगं बाई.”

“मग काय, अंधार पडायच्या आत अकरा फेऱ्या. बेचाळीस माणसं आणि एक शेळी. शेवटी पायलटनं मला उचलूनच घेतलं.”

“पण पाना आत विसरलं कोण?”

“मीच.”

“हे पायलटला सांगितलंस?”

“पाना हातात आला तेव्हाच.”

तेवढ्यात आतून त्याला हाक आली. तो उठला, तशी ताई बोटांवर मोजू लागली.

“थांब जरा. फाईल, चष्मा, मोबाईल, छत्री. चार. हं, जा आता.”