दुबईचे दोन तास

आमच्या अण्णांना तिकीट वाचता येतं, तेच एकदा अंगलट आलं. माझ्या धाकट्या भावाचं विमान हैदराबादहून दहाला सुटणार अन् दुबईत बाराला उतरणार होतं. अण्णांनी अख्ख्या मुरुडला सांगितलं, “दोनच तास! लातूर-उदगीर तेवढंच हाय.”

गेलेला माणूस पोचल्याशिवाय आमच्यात घर झाडत न्हाईत. आई फोनची वाट बघत बसली. बारा झाले, एक झाला. अण्णा घामाघूम. आईनं महादेवाला नारळ कबूल केला.

पावणेदोनला फोन आला. “पोचलो, आई. इथं सव्वाबाराच वाजलेत. दुबईचं घड्याळ दीड तास मागं हाय.”

आईनं डोळे पुसले, पदर खोचला अन् झाडू उचलला. अण्णांना म्हणाली, “पाय वर घ्या, झाडायचंय. अन् येतानाचं तिकीट तुम्ही वाचू नका.”