रॉस्कोच्या गिटारचा आवाज

मसल शोल्समधल्या डूलीच्या अँप्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात मी माझा नंबर यायची वाट बघत बसलो होतो. माझ्यापुढे सत्तरीचा डेल्बर्ट आणि त्याची वहिनी उभी होती. डेल्बर्टच्या वारलेल्या भावाचा, रॉस्कोचा, जुना अँप टेबलावर ठेवला होता.

“वहिनी, गिटार दादाची, अँप दादाचा, ताराही त्याच्याच. तरी त्याचा तो मऊ आवाज काही निघत नाही. रविवारी चर्चमध्ये त्याच्या आठवणीत काय वाजवू?”

“आतले काचेचे व्हॉल्व्ह बदलून बघितलेत?”

“तीनदा. स्पीकरही बदलला, मग जुनाच परत बसवला.”

“आणि गोधडी?”

“कसली गोधडी?”

“अँपवर टाकायची. पोरगी झोपायची नाही, म्हणून मीच टाकली होती. पोरगी लग्न होऊन गेली, पण यांनी गोधडी काही काढली नाही.”

“रेकॉर्डिंगलासुद्धा?”

“पिशवीत घालून न्यायचे.”

“आणि मला सांगायचा, आवाज बोटांत असतो म्हणून!”

“मग काय, बायकोच्या गोधडीत असतो म्हणून सांगणार होते?”

“आहे कुठे ती?”

“कुत्र्याच्या अंगाखाली. ही घ्या माझी शाल, टाका पुढून. हं, वाजवा आता.”

डेल्बर्टने वाजवलं. डूलीने हातातली पक्कड खाली ठेवली.

“वहिनी, हाच ना?”

“हाच मेला. चाळीस वर्षं शिव्या घातल्या मी या आवाजाला.”

“मग थांबू?”

“खबरदार थांबलात तर, भाऊजी!”