आडनावाशिवाय

मुलीचं नाव प्रवेशयादीत का नाही, हे विचारायला ती तिसऱ्यांदा शाळेच्या कचेरीत आली होती. शेजारच्या बाकावर यादीचं काम करणारे दोन प्रोग्रामर लॅपटॉपवर वाकून भांडत होते.

“अर्ज साडेचारशे, यादीत चारशे एक्केचाळीस. नऊ पोरं गेली कुठे?”

“तुझ्या क्वेरीनं गिळली.”

“सरळसाधी क्वेरी आहे, बाबा! आडनाव कोरं असेल तर अर्ज अर्धवट समजून वगळायचा.”

“आणि कुणाला आडनावच नसेल तर, शहाण्या?”

“असं कोण असतं?”

“आम्ही असतो,” ती म्हणाली. “बापाचं लावायचं नाही, म्हणून कोरं ठेवलं. आता काहीतरी लिहावं लागेल का?”

“छे हो, ताई! तुमचा अर्ज पूर्ण आहे. थांबा, ती अटच काढतो.”

“काढ लवकर. आणि ताईंना दाखव.”

बाराव्या ओळीत तिच्या मुलीचं नाव आलं. त्यापुढची जागा कोरी होती.