अंगावरचं माप

—चप्पल तिथंच राहू दे, आत ये. बस ना वं. ते लोकरीचे गोळे बाजूले सरकव अन् खाटेवर टेक. पाहून बस, सुई पडली आहे तिथं कुठंतरी. एवढी संत्री काऊन आणली? भावाच्या वावरातली? हो, या दिवसात उतरतातच. गोड असतील. पण भावना, एक सांगू? आपण भिंतीले भिंत लावून राह्यलो इतकी वर्षं. तू गाळणी मागायले येते, विरजण न्यायले येते, रिकाम्या हातानं येते अन् जीव भरेपर्यंत बसते. पिशवी भरून तू कधी आली नाई. म्हणजे तुले काही तरी बोलायचं आहे, अन् काय ते मले माहीत आहे. स्वीटीले यंदापासून तू माझ्याकडे पाठवणार नाई. — थांब, लगेच नको बोलू. चहा ठेवू? नाई? बरं. मग मीच बोलते. हातात विणकाम असलं की मले बोलता येते, नुसतं समोरासमोर बसून नाई जमत.

हे पाह्य. स्वेटरची पाठ पुरी झाली. पुढचा पल्ला बगलेपर्यंत आला. आता इथून पुढं अंगावर लावल्याशिवाय जात नाई, तिथंच अडलं आहे. मोबाईलमधल्या त्या बायका आकडे सांगतात, एवढ्या वयाले एवढे टाके. मले तसं येत नाई. आईनं शिकवलं ते अंगावर. लेकराले उभं करायचं, पाठ खांबाले लावायची, हात थोडे बाजूले, पंखावाणी. मग खांद्याच्या हाडापाशी बोट ठेवायचं अन् तिथून टाके कमी करत जायचं. गावात कोणाचाही स्वेटर घे, मी असाच करते, कोणाची बाही आखूड पडली नाई आजपर्यंत. तं मले अंग लागते. घडीभर. तुझी पोरगी त्यानं काही झिजत नाई, भावना. येते, उभी राहते, शेंगदाण्याची चिक्की खाते, माझी प्रज्ञा मापाच्या पट्टीचं दुसरं टोक धरते, दोघी हसतात, झालं. यात वाईट काय आहे? नाई, तू सांग, वाईट काय आहे?

माझी जागृती अन् तुझी स्वीटी, एकाच आठवड्यातल्या दोघी. तू आधी मोकळी झाली, मी मागून. अंगणवाडीत एका ताटलीत खायच्या. उंची एक, चण एक. तुझ्या सासूबाईंले पाठीमागून ओळखू येत नव्हत्या, त्या जागृतीलेच स्वीटी म्हणून हाक मारायच्या अन् माझी ओ देऊन मोकळी. गमतीनं द्यायची वं, तिले मजा वाटायची. तं माप सारखंच होतं दोघींचं. मी काही नवीन शोधून काढलं नाई.

मग तो पावसाळा, तो ताप — ते जाऊ दे. तू होती दवाखान्यात माझ्याजवळ, तुले काय सांगायचं. घरी आलो तं तिचा स्वेटर सुईवर होता. गुलाबी, टोपीवाला. एक बाही राह्यलती. सगळे म्हणे सामान देऊन टाक, घरात ठेवलं तं डोळ्यापुढून हलणार नाई. दिलं मी. फ्रॉक दिले, पाटी दिली, ते चावीचं माकड होतं ते बी देऊन टाकलं. पण सुईवरचं कोणाले देणार? अर्धं काम कोणी घेते का? ते राह्यलं खुंटीले. थंडी पडली तं म्हटलं, बाही तरी पुरी करावी, जीव नुसता लटकून राह्यला त्याच्यात. पुरी केली. अन् पुरी झाल्यावर माणूस पाहते ना, बसते का नाई. तेवढंच पाह्याचं होतं. तुझी पोरगी ओट्यावर खेळून राह्यलती, हाक मारली, घातला तिच्या अंगावर — बसला. असा बसला, भावना, की मनगटापाशी बोटभर बी इकडचं तिकडं नाई. मग काढून घेतला. तिले म्हटलं, बाही चुकली बेटा, उसवते. अन् पेटीत ठेवला.

एवढंच राह्यलं असतं तं कोणाले कळलंच नसतं. पण पुढची थंडी आली अन् मी बसल्या बसल्या विचार करू लागली, आता केवढी झाली असती. तो गुलाबी तं तिले आता झाला नसता. लेकरू वाढते ना. मग दुसरा घातला सुईवर, मोठा. माप कोणाचं? तू सांग, मी आणखी कोणाकडे जाणार होती? तेव्हापासून दर थंडीले एक. तुले वाटायचं स्वीटीसाठी करून राह्यली, तिले बी वाटायचं, मी वाटू दिलं. एकदा म्हटलं गळा तंग झाला. एकदा म्हटलं लोकर रंग सोडते. मागच्या वर्षी हसून म्हणे कशी, काकू, सगळ्या गावाचं तुम्हाले जमते, माझाच दरवर्षी कसा चुकते वं? मी बी हसली. काय करू?

आता प्रज्ञानं सांगून टाकलं स्वीटीले. मी विहारात गेलती, रविवारी बायकांले क्रोशा शिकवते ना तिथं, तेवढ्यात हिनं पेटी उघडली अन् सगळे स्वेटर खाटेवर मांडून दाखवले. लहानापासून मोठ्यापर्यंत, ओळीनं. हा ताईचा, हा बी ताईचा. मी घरी आली तं खाटेवर तशीच ओळ. मी मारलं नाई तिले, खरं सांगते. हात बी उचलला नाई. फक्त बोलली नाई. तेव्हापासून बोलली नाई. जेवायले वाढते, वेणी घालून देते, डबा देते. वेणी घालताना मान अशी ताठ धरून बसते, केस ओढले तरी चूं करत नाई. हेमराज म्हणे, अगं सात वर्षांची आहे आपली पोरगी, तिच्याशी काय अबोला धरते. कापसाच्या जिनिंगमध्ये असतात ते दिवसभर, देवळीले, त्यांले काय माहीत घरात काय काय सांभाळावं लागते.

अन् सांभाळते ना मी. तुले वाटते मी नाई सांभाळत? सेवाग्रामच्या त्या मनाच्या डॉक्टरीण बाई, तूच नेलं होतं मले त्यांच्याकडे, त्यांनी विचारलं होतं, ताई, तुम्हाले काय करायले आवडते. मी म्हटलं, विणायले. मग विणा म्हणे रोज थोडं, हात चालले की मन थाऱ्यावर येते. चांगल्या बाई होत्या. काय विणते हे त्यांनी विचारलं नाई अन् मी सांगितलं नाई. मोबाईलमधल्या बायका बी तेच सांगतात, बाळ झोपलं की दोन ओळी विणा, बाजूले तो कॉफीचा मग, स्वतःसाठी वेळ काढा म्हणजे चांगली आई होता येते. मी बी काढते. आधी ओळ पुरी, मग पोळी. मधात उठलं की टाका सुटते, ते प्रज्ञाले बी समजते, सुया चालू असल्या की ती हाक मारत नाई. लहान होती, चार-साडेचारची, तेव्हा न्हाणीत पडली होती, हनुवटी फुटली. तशी आली अन् माझ्या बाजूले उभी राह्यली. फ्रॉकवर रक्त, तोंडातून आवाज नाई. ओळ संपेपर्यंत उभी. अशी शहाणी आहे वं पोरगी, काही त्रास नाई तिचा. मले तं ओळ संपल्यावर दिसलं.

असं काय पाहते?

बरं, ते राहू दे. मी काय म्हणते, यंदाचं होऊ दे. एवढं एक माप. तुझ्या सासूबाई म्हणत असतील गेलेल्या पोरीचं माप जित्या पोरीच्या अंगावर घेऊ नये, त्यांचं मी समजू शकते, जुनं माणूस. पण आपण दोघी तं हे मानत नाई ना. तूच त्यांच्याशी भांडली होती, म्हणे आपण विहारात जाणारी माणसं, आपल्या घरात असलं काही बोलायचं नाई. मग आता? बोल ना. — नाई, समजलं मले. मानायची गोष्ट वेगळी अन् आपल्या पोटच्या पोरीची वेगळी. पण पाह्य, यंदाच खरी गरज आहे. स्वीटी मोठी होऊन राह्यली. छातीपाशी टाके वाढवावे लागतील, किती ते अंदाजानं नाई करता येत. परवा पाण्याच्या नळावर पाह्यलं मी तिले, ओढणी घेतली होती. मी घरी आली अन् बसूनच राह्यली. म्हटलं, जागृती बी मोठी झाली. आपल्याले समजलंच नाई अन् पोरगी ओढणी घ्यायच्या वयाची झाली. बरं वाटलं वं मले. खोटं नाई सांगत, बरं वाटलं.

मी तुझ्या पोरीचं वाईट चिंतते का? या पावसाळ्यात तिले ताप भरला तं कोण बसलं उशापाशी? तुले सुट्टी नाई मिळाली, मीच होती. कपाळावर पट्ट्या मी ठेवल्या, पेज मी पाजली, रक्त तपासायले पुलगावले मी घेऊन गेली. तू कामावरून आली अन् माझे हात धरून रडली, म्हणे ताई, सख्ख्या बहिणीनं एवढं केलं नसतं. आठवते ना? मी बसून एकच म्हणत होती मनात, हिले काही होऊ नये, हिले काही होऊ नये. हिले काही झालं तं पुढच्या थंडीले मी माप कोणाचं —

— तसं नाई. तसं नाई वं म्हणायचं मले. भावना, बस. उठू नको अशी. तोंडातून निघून गेलं. लेकरू आहे ते माझं बी, माझ्या हातावर वाढलं, मी कशी — पाणी देऊ? माठातलं देते. बस ना.

काय? प्रज्ञा? तिचं काय मधात. तिले आहे ना स्वेटर. शाळेचा, निळा, पुलगावच्या दुकानातला. नाई, मी नाई विणला तिच्यासाठी. तिले लोकर टोचते. — कोणी सांगितलं म्हणजे? मीच सांगत असते सगळ्यांले. अंगाले लागलीच नाई तं टोचते का नाई हे कसं समजणार, ते बी खरंच. माप? दुकानदारानं पाहून अंदाजानं दिला. बाह्या लांब होतात थोड्या, दुमडून घालते. आतापर्यंत झाल्या बी असतील बरोबर. मी नाई पाह्यलं. मी पाह्यलं नाई, भावना. तू असं विचारू नको, ओळ मधात आहे माझी.

फाटक वाजलं. आली वाटते. तू पाह्य ना वं, मले मधात उठता येत नाई — ये. भावना काकू आली आहे. स्वीटी नाई आली. काय शोधून राह्यली तिथं? नाई येणार ती आता, तुझंच काम आहे ते. दप्तर ठेव, हात-पाय धू. — भावना, मी बोलली ना आत्ता तिच्याशी? बोलली. पाह्यलं ना तू. रविवारपासून पहिल्यांदा. — अगं, ती पट्टी काऊन काढली डब्यातून? आज माप नाई घ्यायचं. ठेव ती. प्रज्ञा, मी काय म्हणून राह्यली? कुठं चालली?

भावना, पाह्य वं हे. खांबाले पाठ लावली हिनं. स्वेटर काढून ठेवला अन् पाठ लावून उभी राह्यली. हात पंखावाणी. पट्टीचं टोक स्वतःच धरलं आहे खांद्यापाशी. अन् टाचा — तुले तिथून दिसतात का? टाचा उचलल्या आहेत हिनं. चवड्यावर उभी आहे. उंच व्हायले. ताईएवढं व्हायले.

प्रज्ञा, टाचा टेक. पोटऱ्या थरथरून राह्यल्या बाई तुझ्या. टेक टाचा. मी म्हणते ना, खाली टेक.

सुई पडली? पडू दे. टाके सुटून राह्यले तं सुटू दे, तू नको उचलू. भावना, तू जाय आता. संत्री राहू दे. दार ओढून घेजो.