काळ्या कातळाची जागा

आदरणीय अध्यक्षा शालनताई, व्यासपीठावरील पाहुणे, पाणीपुरवठा विभागातले सहकारी, आणि या सभागृहात आज पहिल्यांदाच पुढच्या रांगेत बसलेले आपले सत्कारमूर्ती आप्पासो,

आप्पासोंनी पठारावरच्या तलावाची चौतीस वर्षं राखण केली, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. मी त्यांच्या पणजोबांपासून सुरुवात करतो. आप्पासो, मान हलवू नका. आज तुम्हाला मधेच उठता येणार नाही.

इंग्रजी अमलात शहरासाठी तलाव बांधायचं ठरलं. साहेबाने एक सोयीची जागा निवडून खुंट्या ठोकल्या. मेंढरं घेऊन निघालेल्या नाथाजीने, म्हणजे या पणजोबांनी, त्या पाहिल्या आणि सांगितलं, खाली जांभा आहे, पाणी झिरपून जाईल. मग पाणी राहतं कुठे? नाथाजीने ती जागाही दाखवली. काळा कातळ, वैशाखात न आटणारा डोह. डोहाच्या काठी त्याचीच वाडी होती. वाडी बुडाली. घराण्याला राखणदारी मिळाली. शहर आजही ते पाणी पितं.

समोर आपली वाडी दिसत असताना माणूस असं का सांगतो? हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला होता.

गेल्या चैत्रात विभागाचा इंजिनिअर म्हणून दुसऱ्या तलावासाठी मी जागा पाहत होतो. आप्पासो मोजणीची पट्टी धरून उभे होते. मी विचारलं, "कशी वाटते जागा?"

"मला काय ईचारताय? तुमच्या मशिनीला ईचारा. तिचा पगार जास्त हाय."

"आप्पासो, खरं सांगा."

त्यांनी टाचेने माती उकरली. "जांभा हाय, सायेब. समदं पिऊन टाकंल."

"मग?"

 त्यांनी काठी उचलून खालची खिंड दाखवली. खिंडीच्या वरच्या अंगाला त्यांचं घर आहे. घरामागे त्यांच्या पत्नीला, सुलावहिनींना मूठमाती दिली, तिथे एक दगड आहे.

मी म्हणालो, "तिथं तर वहिनी..."

"व्हय. पर पानी तितंच ऱ्हातंय."

खडक तपासला. त्यांचं बरोबर होतं. तिसरी जागा शोधायला मी एक आठवडाही दिला नाही.

गेल्या मंगळवारी मंजुरी आली. नकाशावर मी त्यांना पाणी कुठवर चढेल ती रेघ दाखवली. घर रेघेच्या आत होतं. दगड हलवता येईल, असं मी म्हणालो.

"दगूड न्याल. आन् ती?"

मी नकाशाची घडी घातली.

शाल आणि श्रीफळ आपण दिलं. ज्यांच्या घरी सकाळी नळाला पाणी येतं, त्या सगळ्यांच्या वतीने आभारही मानतो. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभेने सांभाळून घ्यावं.

आप्पासो, तुमच्याशी एवढंच. सोमवारी खिंडीत खुंट्या ठोकायच्या आहेत. पट्टी धरायला दुसरा माणूस येईल. पहिली खुंटी मीच ठोकणार आहे, ते काम मी दुसऱ्या कुणावर सोपवणार नाही. त्याची क्षमा मी आज मागून ठेवतो.