अंगणातला शाकाहारी

तुमी हसान, पण मी शाकाहारी माणूस आहो. मटण खातो, पण ते अंगणात.

आमची मंडळी महानुभाव पंथाची, रिद्धपूरले जाणारी. लग्न झाल्याबरोबर तिनं सांगून टाकलं होतं, "खायाचं तं खा, पण उंबऱ्याच्या बाहेर." मंग मी अंगणात चूल मांडायचो, वेगळ्या गंजात शिजवायचो, तिथंच जेवायचो. जेवण झालं की हाक मारायचो, "पाणी टाक वं!" ती दारातून लोटा उंच धरून माह्या हातावर पाणी टाकायची, अन् मंगच घरात घ्यायची.

ती गेल्यावर परवा पयल्यांदा मटण केलं. शेजारचा वसंता जेवाले होता. म्हणे, "भाऊ, थंडीत कावून बाहेर बसता? घरात गॅस आहे. आता कोण आडवते तुमाले?"

मी म्हटलं, "घरात मी शाकाहारी आहो ना बाप्पा."

तो हसला, जेवला, नळावर हात धुतले अन् गेला.

मंग मी सवयीनं दाराकडे हात केला अन् जोरात म्हटलं, "पाणी टाक वं!"

बोटांवरचा रस्सा वाळून गेला, तरी मी बसूनच होतो. नळ काय, दोन पावलांवर आहे. पण तुमीच सांगा, तिनं पाणी टाकल्याबिगर घरात जाऊ कसा?